पिंजऱ्यातला शेवटचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्हा न्यायालयात तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाबरोबर टीव्हीवरचं कोर्ट बघू नये, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. मी मधेच ओरडतो, "अहो, हरकत घ्या, हा प्रश्न चालणारच नाही!" मग मला चहा टाकायला आत पाठवतात. पेरी मेसन, तो अमेरिकी मालिकेतला वकील, लागला की मात्र मी गप्प बसतो. तिथेही चुका दिसतात, पण बोलवत नाही.

आज मेसनच्या एका खटल्याबद्दल बोलायचं आहे. 'द केस ऑफ द फेटल फॅशन' हा दूरचित्रपट २४ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. फॅशन मासिकाची एक संपादिका मारली जाते. आरोप येतो दुसऱ्या संपादिकेवर, तिच्या प्रतिस्पर्धी बाईवर, आणि ही बाई मेसनची जुनी मैत्रीण. मारली जाणारी झाली आहे व्हॅलेरी हार्पर. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या घराघरात ती टीव्ही मालिकेतली ऱ्होडा म्हणून माहीत होती, आणि ती ऱ्होडा दुकानांच्या काचेमागचे पुतळे सजवायची! म्हणजे कपड्यांच्या जगात बाईंना बढती मिळाली ती थेट खून होण्यापुरती. आरोपी झाली आहे डायना मुलदौर. गंमत बघा, त्याच वर्षी 'एल. ए. लॉ' मालिकेत ती जहांबाज वकीलबाई होती आणि लिफ्टचं दार उघडलं म्हणून पाऊल टाकलं तर आत लिफ्टच नाही, असा तिचा शेवट दाखवला होता. तिथून सुटली ती इथे आरोपी म्हणून उभी राहिली.

खून कोणी केला ते मी सांगणार नाही. निर्धास्त ऐका.

मेसनच्या गोष्टीत मेलेला माणूस कधी साधाभोळा नसतो. निम्मं गाव त्याच्या वाईटावर टपलेलं असतं, म्हणून तर संशयितांची रांग लागते. अशी रांग लावायला फॅशन मासिकाच्या संपादिकेसारखं पात्र नाही. कोणाचा झगा मुखपृष्ठावर, कोणाचा पान सत्तरवर आणि कोणाचा कचऱ्याच्या टोपलीत, हे एक बाई ठरवते. अमेरिकेत या मासिकांचा सप्टेंबरचा अंक वर्षातला सगळ्यात जाडजूड, आपल्याकडच्या दिवाळी अंकासारखा, आणि जाहिरातदारांची सगळी उलाढाल त्याच्याभोवती. त्यातून गळालेला शिंपी वर्षभर गळालेलाच. मी चालवलेल्या खुनांच्या खटल्यांत कारण बहुतेकदा बांधाचं, नाहीतर भावकीतल्या वाटणीचं. पण आतला पीळ निराळा नसतो. आपल्या हक्काची वीतभर जागा दुसऱ्याने बळकावली, मग ती शेतात असो की मुखपृष्ठावर.

आता खुद्द मेसनकडे वळू. अर्ल स्टॅन्ली गार्डनर हा मूळचा वकील, त्याच्या कादंबऱ्यांतून हा माणूस आला. १९५७ ते १९६६ या काळात सीबीएसवर मालिकेचे २७१ भाग झाले. मेसन झालेला रेमंड बर मूळचा कॅनडाचा. तोवर सिनेमात बहुतेक खलनायकच करायचा, आणि इथेही चाचणीला आला होता सरकारी वकिलाच्या भूमिकेसाठी. गार्डनरने त्याला पाहिलं आणि मेसन म्हणून पसंत केलं. त्या जुन्या भागांत कोर्टाचे बरेच प्रसंग प्राथमिक सुनावणीचे आहेत, तिथे ज्युरी लागत नाही. निर्मात्यांचे बारा माणसांचे पैसे वाचले. अशी काटकसर आमच्या बार रूममध्येसुद्धा बघितली नाही!

पुढे १९८५ मध्ये दूरचित्रपटांतून मेसन परतला तेव्हा तो वरच्या कोर्टात न्यायाधीश झालेला असतो, आणि आपली जुनी सेक्रेटरी डेला स्ट्रीट खुनाच्या आरोपात अडकली म्हणून न्यायासन सोडून पुन्हा काळा कोट चढवतो. काळा कोट हे आपलं माझं म्हणणं, तिकडे साधा सूट. डेला झालेली बार्बरा हेल दोन्ही वेळा तीच. फॅशनचा खटला चालवताना बर चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. देह अवजड झालेला. तरुणपणी तो साक्षीदाराच्या अंगावर जायचा. आता पळापळ सगळी केन मालान्स्की नावाच्या तरुण सहकाऱ्याने करायची आणि म्हाताऱ्याने फक्त बघायचं. ते बघणं मात्र बघण्यासारखं आहे. मोठाले डोळे जराही न हलवता तो प्रश्न विचारतो, उत्तर संपलं तरी नजर काढत नाही. समोर बसलेल्यांचा जन्म चेहऱ्यावर काही न दाखवण्यात गेलेला. त्या रंगवलेल्या चेहऱ्यांवर त्याची नजर थांबते तेव्हा आपल्यालाच घाम फुटतो.

आणि मग ठरलेला क्षण येतो. साक्षीदार पिंजऱ्यातच कोसळतो, "हो, मीच केलं!"

श्रोतेहो, तीस वर्षांत मी हे एकदाही पाहिलं नाही. अमेरिकेतही सहसा घडायचं नाही. तिथल्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीने स्वतःला गोवणारं उत्तर न देण्याचा हक्क दिलेला आहे. आपल्याकडची तरतूद आणखी मजेशीर. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १३२ होतं. साक्षीदाराला उत्तर टाळता येत नाही, पण कोर्टाने भाग पाडून घेतलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला तेवढा सोडून. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, तत्त्व तेच राहिलं. म्हणजे मेसनच्या साक्षीदाराला कोर्टाने दामटून बोलायला लावलं असतं, तर त्याच्या त्या रडक्या कबुलीवर आपल्याकडे त्याला फाशी सोडा, अटकही झाली नसती.

पण कायद्याचं बाजूला ठेवा. खरी अडचण टंकलेखनाची आहे. मेसनचा सगळा खेळ वेगाचा. एक प्रश्न, लगेच दुसरा, श्वास घ्यायला उसंत नाही. माझ्या उमेदीच्या काळात आमच्या कोर्टात काय व्हायचं? मी प्रश्न विचारायचो, साक्षीदार उत्तर द्यायचा, मग साहेब तेच उत्तर नीट वाक्य करून लेखनिकाला सांगायचे आणि मशीनची टकटक सुरू. तेवढ्यात साक्षीदार घाम पुसायचा, पाणी मागायचा, दाराशी उभ्या असलेल्या मेहुण्याकडे बघून घ्यायचा. एकदा दुपारी तीनच्या सुमारास एक पंच माझ्या हाताला लागलाच होता. पंचनाम्याच्या वेळी तो जागेवर नव्हताच, तालुक्याच्या बाजारात बैल बघत होता, हे ओठांवर आलेलं मला दिसत होतं. नेमकी मशीनची फीत अडकली. शिपायाने दुसरी आणेपर्यंत दहा मिनिटं गेली. दहा मिनिटांनी पंच ताजातवाना, बैलांचं नावही नाही.

मग राहतो तो शेवटचा प्रश्न. प्रत्येक वकील तो विचारतो, विचारावाच लागतो. तुम्ही खोटी साक्ष देत आहात, असं मी तुम्हाला सुचवतो. आणि कागदावर उतरतं, "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." मेसनच्या गोष्टीत इथे संगीत वाजलं असतं. आमचा पंच सही करून खाली उतरला आणि जाता जाता शिपायाला विचारत होता, भत्ता आजच मिळेल का.