पाणी जातंय कधी?

(गावच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष गुरुजी, भाजीच्या लायनीतले पिकअपवाले, आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली आमच्या गॅरेजातली पोरं, सगळ्यांना नमस्कार. पोरांनो, बसा की. उद्या सकाळी हीच पोरं म्हणणार, मिस्त्रींनी रात्री उभं ठेवलं, आज पाना उचलत नाही.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुन्या डिझेल पिकअपमधील शीतक द्रवाची गळती : शोध व उपाय’. शीतक द्रव हा शब्द गुरुजींचा. आम्ही पाणी म्हणतो. आत हिरवं कूलंट असू दे, गुलाबी असू दे, ते पाणीच. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मिस्त्री, गाडी पाणी खातीय.” कानडी गिऱ्हाईक म्हणतं, “नीर कडिमी आगतदरी.” दुखणं एकच. आणि दोघांनाही मी इतकी वर्षं एकच प्रश्न विचारत आलो : कुठं गळतंय?

तो प्रश्नच चुकीचा, हे सांगायला आज उभा राहिलोय. अहो, कुठं गळतंय ते त्याला माहीत असतं तर तो माझ्याकडं कशाला आला असता? त्याला माहीत असतं ते ‘कधी’. दिवसाचे बारा-चौदा तास गाडीवर तो बसतो, मी नाही. पण ते कुणी विचारत नाही. बॉनेट उघडलं की आम्ही बॅटरी घेऊन आत डोकं घालतो आणि ड्रायव्हर मागं चहा पीत उभा.

हे मला कसं उमगलं ते आधी सांगतो. गोष्ट माझ्याच फजितीची आहे, तेव्हा मोकळ्या मनानं हसा.

आपल्यातलाच एक जण. नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय आणि आत्ता मान खाली घातलीय बघा. (हशा) रोज पहाटे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून गोव्याला भाजी टाकायची आणि दुपारी परत. २०१७ सालची पिकअप, बीएस-फोर. आला आणि म्हणाला, एका फेरीला लिटरभर पाणी जातंय. खाली थेंब नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर. आता मला सांगा, खाली थेंब नाही, पाणी जातंय आणि पांढरा धूर येतोय, तर कुठलाही मिस्त्री काय म्हणणार? हेड गॅस्केट. मीही तेच म्हणालो. तंबाखूची चिमूट तोंडात टाकेपर्यंत निदान झालं होतं.

तो बिचारा काहीतरी सांगत होता. “मिस्त्री, धूर फक्त सकाळी, पहिल्यांदा चालू केल्यावर येतो. मग दिवसभर नाही.” मी म्हणालो, होय होय, तू चहा घे.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. उद्यमबागेत नेऊन फेसिंग केलं, म्हणजे त्याची खालची बाजू सपाट करून घेतली. आपल्या बेळगावात तेवढं एक बरं आहे, फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव, हेडला कानस मारायलाही पुण्याला जावं लागत नाही. नवं गॅस्केट घातलं, हेड बोल्ट टॉर्कनं आवळले, गाडी दिली. चौथ्या दिवशी गडी परत. लिटरभर पाणी. पांढरा धूर. आणि तोंडावर असा भाव, की शिवी द्यायची पण मिस्त्री वयानं मोठा.

आता इथं जरा थांबून गॅस्केट म्हणजे काय ते सांगतो, कारण गुरुजी वही घेऊन बसलेत. हेड आणि ब्लॉक, म्हणजे खालचा सिलिंडरचा ठोकळा, यांच्यामधली ती पातळ पट्टी. तिच्या एका भोकात आग, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात तेल. तिघांनी आपापल्या हद्दीत राहायचं. आपल्याकडं हद्दीचं भांडण १९५६ पासून चाललंय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडलाय, आणि गाडी आपली चालतीय. इंजिनात हद्द फुटली तर चाळीस किलोमीटरसुद्धा जाता येत नाही. (हशा) बरं, हे भाषण राजकीय नाही, लिहून घ्या.

तर मुद्दा असा. सिलिंडरमधल्या जाळाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून गॅस्केट फुटलं की बहुतेक वेळा आधी गॅस पाण्यात घुसतो. थंड इंजिन चालू केलं, पाणी अजून कोमटही नाही, आणि मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होस पाइप, इंजिनातून रेडिएटरला जाणारी रबरी नळी, दगडासारखा घट्ट झाला, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे सुटले, तर संशय गॅस्केटवर. त्या गाडीचा होस मी दाबूनच बघितला नव्हता! दाबला असता तर मऊ लागला असता. चाळीस वर्षांच्या अनुभवाला दोन बोटं लावायला वेळ नव्हता.

दुसऱ्यांदा मग मी शहाण्यासारखा वागलो. गाडी बाजूला घेतली, स्टूल टाकलं आणि त्याला म्हणालो, बोल. धूर सकाळी. पाणी जास्त जातं ते येताना, म्हणजे गोव्यातल्या केरीपासून चोर्ल्यापर्यंतच्या चढाला. तेलाचा गेज ओढून बघितला, तेल काळंच; दुधाच्या चहासारखं झालेलं नाही, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नाही. मग ईजीआर कूलरचा पाइप सोडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सायलेन्सरकडं जाणारा थोडा धूर वळवून परत इंजिनाला पाजतात, आणि पाजण्याआधी तो पाण्यानं थंड करतात. त्या डब्यात आत धूर, बाहेर पाणी.

पाइप काढला आणि आत बॅटरी मारली. तुम्ही चुलीवरचं भांडं बघितलंय ना, तशी काजळी, चांगली जाड. पण खालच्या बाजूला बोटभर पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ. पत्रा चकाकत होता. काजळीत धुतलेली जागा! बोट फिरवलं तर ओलं, आणि वास गोडसर. गाडी बंद केल्यावर पाण्यात दाब राहतो, धुराच्या बाजूला काही दाब नाही, म्हणून रात्रभर ते ठिबकत होतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला वाफ होऊन जात होतं. चढाला गाडी तापली, दाब वाढला, की जास्त. पाणी धुरात जात होतं, धूर पाण्यात येत नव्हता, म्हणून बुडबुडे नाहीत. सगळं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हेडची मजुरी मी परत दिली. फेसिंगचे पैसे अर्धे दिले, बाकीचे अजून द्यायचेत, म्हणून तो आज पहिल्या रांगेत बसलाय.

त्या वासावरून आठवलं. कूलंट गोड असतं आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट डब्यात भरा, गॅरेजसमोर ओतू नका, कुत्री चाटतात आणि मरतात.

आणि हळद. हळदीचं बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. रेडिएटर गळतोय म्हणून हळद टाकायची ही आपल्या हायवेची जुनी विद्या. गळती थांबते, खोटं नाही. कुणी अंड्याचा पांढरा बलक टाकतो. पण हळदीला काय माहीत की गळकं भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली? ती दोन्ही बुजवते. एकदा रेडिएटर उघडला तर आत सांगलीचं मार्केट यार्ड. (हशा) घाटात अडकलात, रात्र आहे, तर टाका आणि घरी या. पण आल्यावर मिस्त्रीला सांगा तरी!

गुरुजींनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. अहो, विषय आत्ता सुरू होतोय. बरं, पटापट घ्या.

गाडी रात्रभर उभी आणि सकाळी खाली ओलं : होसच्या क्लिपा बघा. थंडीत रबर आणि धातू आकसतात, सांध्यातून पाझरतं, गाडी तापली की बंद होतं. म्हणून दुपारी गॅरेजात आणली तर काही सापडत नाही. रात्री गाडी माझ्याकडं सोडा.

बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ठिबकतंय : पंप आणि फॅन थांबले, पण ब्लॉकची उष्णता पाण्यात येतच राहते, दाब वाढतो. रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंप बघा. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर पडावं, म्हणून कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं. त्या भोकात एमसील भरून आणलेल्या तीन गाड्या मी बघितल्यात. भोक बुजवू नका, पंप बदला.

फक्त चालताना जातंय : वाऱ्यानं थेंब मागं उडतो, ओल दिसते तिथं गळती नसते. तिच्या पुढं आणि वर शोधा. गरम लोखंडावर पाणी वाळतं, पण रंगीत खरपुडी राहते.

जादा पाण्याची बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा, सकाळी वरचा होस चिमटलेला : रेडिएटरचं झाकण. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरतो, दुसरा गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी परत आत घेतो. दुसरा अडकला की होस चपटा. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं उघडं पाणी ९७-९८ डिग्रीलाच उकळतं, ०.९ बार दाब धरणारं झाकण धड असेल तर उकळणं ११५ च्या पुढं जातं. झाकण ढिलं म्हणजे घाटात पाणी बाटलीतून बाहेर.

यातलं काहीच नाही, तर प्रेशर पंप, म्हणजे रेडिएटरच्या तोंडाला लावून दाब भरायचा काट्याचा हातपंप. थंड इंजिनावर, पाणी भरून, झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि १५ मिनिटं थांबा. काटा पडला आणि बाहेर कुठंच ओल नाही, म्हणजे पाणी आत जातंय. त्यात सकाळी स्टार्टर अडकत असेल तर पुन्हा पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

लायनर आणि ब्लॉकवरच्या टोप्या राहिल्या. बोअरचं क्षाराचं पाणी राहिलं. राहू दे. प्रेशर पंप इथं टेबलावर ठेवलाय, हात लावून बघा. ज्याला पाहिजे त्यानं नाव लिहून घेऊन जावं, दोन दिवसांत परत आणावा. मागच्या वेळचा निपाणीला गेलाय, तो अजून आलेला नाही.