गवतासाठी अनुदान मागताना

नमस्कार श्रोतेहो. आज माळरानाबद्दल बोलायचंय, म्हणजे आपल्या गायरानाबद्दल, कुरणाबद्दल, आणि ते राखायला पैसा कुठून येतो, तो मागायचा कसा, याबद्दल. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी माळरानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, मंगोलियाने हा विषय लावून धरला होता, त्यामुळे हे काम निधी देणाऱ्यांपुढे मांडायला वेळ चांगली आहे. अडचण वेगळीच आहे. आपण अर्ज लिहायला बसलो की झाडांचा लिहितो. गवताचा अर्ज कुणी लिहीतच नाही.

माण, खटाव, जत, आटपाडी, इंदापूर, सोलापूर या सगळ्या पट्ट्यात पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम नाहीतर खडक. तिथलं गवत म्हणजे काही तुटलेल्या जंगलाची उरलीसुरली खूण नव्हे, ते तिथलंच आहे, लांडगा, खोकड, चिंकारा, माळढोक सगळे त्याच्या भरवशावर. पण कागदावर ती जमीन पडीक. पडीक म्हटलं की खड्डे, खड्डे म्हटलं की ग्लिरिसिडियाची रोपं, आणि पाच जूनला, पर्यावरण दिनाला, फोटो. मला त्या फोटोंचा खरंच राग येतो, कारण पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोण घालतं ते मी बघितलंय. आणि खड्डे घेताना गवताची मुळं उखडली जातात ती जातातच.

आता एक हकीकत सांगते. संधी मिळेल तिथे मी ही सांगते, आज तर सांगणारच.

माणदेशातलं एक गाव, नाव नको. गावातल्या शिकलेल्या पोरांनी गायरानासाठी एका निधीकडे अर्ज केला होता, छान टाइप केलेला, रंगीत नकाशा वगैरे. तपासायला पुण्याहून एक साहेब आले, माणूस सज्जन, जरा अबोल. सगळे माळावर जमले, सरपंच, ग्रामसेवक, पोरं, आम्ही. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "आज इथे काय आहे ते मोजलंय का? नाहीतर तीन वर्षांनी सुधारलं की बिघडलं हे सांगणार कसं?" सगळे गप्प. सरपंच ग्रामसेवकाकडे बघतायत, ग्रामसेवक पोरांकडे.

बाजूला एक धनगराच्या आजी मेंढरं घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय मोजायचं म्हंत्यात?" साहेबांनी चार काठ्या जमिनीवर ठेवून मीटरभराचा चौकोन केला आणि म्हणाले, आजी, यात कुठलं कुठलं गवत आहे ते सांगता का? आजी सरळ खाली बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि एकेक काडी बोटाने वेगळी करायला लागल्या. "ही मारवेल. मेंढरू आदी हिच्यावर पडतंय, म्हनून तर उरली न्हाई, दोनच ठोंब हायती बघा. ही पवना, ही बी खातंय. ही कुसळी. कवळी हाय तवर खाईल, कुसळं धरली की त्वांड लावत न्हाई, ती लोकरीत घुसत्यात, कातड्यात रुतत्यात. आन ह्यो तरवड, उपाशी मेलं तरी न्हाई खायाचं."

साहेबांनी वही काढली. ऐका हं, आधी खातं ते, कवळं असेपर्यंत खातं ते, आणि अजिबात खात नाही ते. कुरणशास्त्रातही नेमकी हीच मांडणी असते, चराई वाढली की घटणारं गवत, वाढणारं गवत आणि बाहेरून घुसणारं. कुरण चांगलं की बिघडलेलं हे या तिघांच्या प्रमाणावरून ठरवतात. आजींनी ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, मेंढराच्या तोंडाकडे बघून बघून त्यांना कळलं होतं.

आणि मग त्या जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "मारवेल पायजे आसंल तर हितं उघड्यावर नगा हुडकू सायेब. त्या बोरीच्या काट्यात बगा. मेंढराचं त्वांड पोचत न्हाई तितं हाय." आम्ही गेलो, बोरीच्या जाळीत वाकून बघितलं, तर गुडघाभर मारवेल, तुऱ्यावर आलेली! म्हणजे गावाला बी विकत आणायची गरजच नव्हती, ते तिथेच होतं.

मग दुपारभर आजी पुढे, साहेब मागे. माथ्यावर एक चौकोन, उतारावर, ओढ्याकाठी, असं करत मोजणी झाली, आजींची नात आठवीत होती, तिने नावं लिहून घेतली. तीच यादी अर्जाला जोडली आणि अर्ज मंजूर झाला. पैसा कशाला मिळाला? बायकांना बी गोळा करायची मजुरी, एका राखणदाराचा पगार, दगडी बांध, आणि वेडी बाभूळ मुळासकट काढणं. माळाचे तीन भाग पाडले, दरवर्षी एक भाग पावसापासून बी झडेपर्यंत बंद, बाकीचे चराईला मोकळे. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तेच चौकोन पुन्हा मोजले, तेव्हा मारवेल बोरीच्या बाहेर आली होती.

त्या आजींच्या खांद्यावर खरी घोंगडी होती, काळ्या लोकरीची. जाता जाता सांगते, लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करतो ना आपण, जो कुणी वापरत नाही, त्याऐवजी घोंगडी द्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीला आज गिऱ्हाईक नाही, लोकर टाकून देतात लोक, आणि आपण प्लॅस्टिकच्या धाग्याची ब्लँकेटं घेतो. असो.

आता पैशाचं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चावे लागतात, पर्यावरण त्यात बसतं, तो पैसा घ्यायला संस्थेची सीएसआर-१ या फॉर्मवर सरकारकडे नोंदणी हवी. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पडीक आणि कुरण जमिनीवरच्या वैरणीसाठी राज्यांना मदत देण्याची सोय केलीय, तेव्हा पशुसंवर्धन खात्यात चौकशी करा. छोट्या संस्थांसाठी जागतिक पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रम आहे, १९९२ पासून. आणि ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती फक्त कागदावर असेल तर तिला आधी जागं करा. वनजमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदा बघा, चराईचा हक्क त्यात आहे, फिरत्या पशुपालकांनाही आहे.

अर्जाला ग्रामसभेचा ठराव लागेल, गायरानाचा सातबारा लागेल. पण परत सांगते, आधी मोजणी. आज काय आहे त्याची मोजणी. चार काठ्या, एक वही, आणि गवत ओळखणारं माणूस, एवढ्यावर होतं. दुसरं, राखणदाराचा पगार अर्जात नक्की लिहा, बहुतेक अर्जांत बांध असतो, राखण नसते. तिसरं, चराई कायमची बंद करणारा अर्ज करू नका. मेंढपाळाला हाकलून कुरण राखता येतं असं वाटणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. चरायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा, एवढं ठरवायचं असतं.

आणि ते ठरवायला मेंढपाळ हजर पाहिजेत. तेव्हा ग्रामसभा पावसाळा सरता सरता, दसऱ्याच्या आत घ्या. नंतर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारे त्यांचे तळ, कोकणाकडे निघतात, ते पावसाच्या तोंडावर परत येईपर्यंत ज्यांच्याशी बोलायचं ते गावात नसतात. नमस्कार.