क्लच दाबा, मग चावी फिरवा

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

विषय कळल्यावर समितीतल्या एका ताईंनी फोन करून विचारलं, "सर, एका स्विचवर पाऊण तास?" मी म्हटलं, ताई, गेली अठरा-वीस वर्षं हा विषय डोक्यात आहे. पाऊण तासात बसवायचा प्रयत्न करतो.

आधी हात वर करा. गिअरची गाडी चालवणारे किती? छान, निम्म्याहून जास्त. यातले किती जण सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर, मारताना क्लच दाबतात? आणि क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा क्लचचा स्विच आपल्या गाडीला आहे की नाही, हे कोणाला नक्की माहीत आहे? तीन हात. म्हणजे आज बोलायला हवंच होतं.

जुन्या मंडळींना इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं हँडल आठवत असेल. ॲम्बेसेडरच्या डिकीत असायचं, पद्मिनीला असायचं, जीपला तर असायचंच. थंडीत बॅटरी बसली की बंपरमधल्या भोकातून हँडल घालायचं आणि मारायचं. माझ्या वडिलांनी पहिला धडा अंगठ्याचा दिला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वळसा घालायचा नाही. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा वळसा घातलेला अंगठा मोडतो. दुसरा धडा असा की हँडल मारण्याआधी आत वाकून गिअरचा दांडा हलवून बघायचा, कारण मारणारा माणूस गाडीच्या पुढ्यात उभा असतो. गाडी गिअरमध्ये राहिली आणि इंजिन पेटलं, तर ती त्याच्याच अंगावर येते. जगभर माणसं अशी जखमी झाली, मेलीसुद्धा. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा सेल्फ आला आणि माणूस गाडीच्या पुढून उठून आत सीटवर जाऊन बसला. हँडलचा धोका गेला, पण गिअरमधली गाडी उडी मारण्याचा धोका तसाच राहिला. तो दिसेनासा झाला, म्हणून आपण विसरलो.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

मी एक जुनी गाडी घेतली होती. मे महिन्यात तिच्यातून सगळे गुहागरकडे सासुरवाडीला गेलो. घराचं अंगण उताराचं, गाडी घराकडे तोंड करून चढावर लावलेली. कोकणात आणि घाटात कोणीही जाणता माणूस लावतो तशीच मी लावली, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये. चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स, हे मी स्वतः आयटीआयच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. गाडीच्या पुढे चार हातांवर पडवीचा ओटा आणि मध्ये चटईवर सासूबाईंनी कोकमं वाळत घातलेली. त्या तिथेच बसून ती उलटत होत्या.

आतून कोणीतरी हाक मारली म्हणून त्या उठल्या. तेवढ्यात मेहुण्याचा मुलगा आला. कॉलेजातला पोरगा, त्याला गाडीत गाणी लावायची होती. दार उघडायचा कंटाळा, म्हणून बाहेर उभं राहून खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. एक घर जास्त फिरली. गाडीने उडी घेतली, इंजिन पेटलं, कोकमांवरून गेली, ओट्याला धडकली आणि बंद पडली. ओट्याचा चिरा निखळला. पोराचा हात खिडकीत होता, तो गाडीबरोबर दोन पावलं ओढला गेला आणि गुडघ्यावर पडला. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. चटईवर चाकाचा लाल पट्टा उमटला होता, त्याकडे बघत राहिल्या.

मंडळी, त्या मॉडेलला कंपनीने क्लचचा स्विच दिलेला होता. पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरायलाच नको होता. मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झालो. पेडलच्या वर स्विच जागेवर होता, पण त्याच्या दोन्ही वायरी कापून, सोलून, एकमेकींना पिळून वर काळी टेप मारलेली. आपल्याकडे याला एक शब्द आहे, डायरेक्ट. "साहेब, डायरेक्ट करून टाकलं." पंपाचा स्विच डायरेक्ट, पंख्याचा डायरेक्ट, फ्यूज डायरेक्ट. आठ महिने मी ती गाडी चालवली. सवयीने दर वेळी क्लच दाबत होतो, त्यामुळे स्विच मेलेला आहे हे मला कधी कळलंच नाही.

आधीच्या मालकाने सांगितलेल्या गॅरेजमध्ये मी गेलो. भांडायला नव्हे, विचारायला. त्या माणसाचं उत्तर माझ्या कानात आजही आहे: "साहेब, गाडी सुरू होते ना?" त्याला खरंच वाटत होतं की त्याने गिऱ्हाइकाचं काम केलं. माझी तक्रार त्या एका माणसाशी नाही. ही गोष्ट त्याला कोणी शिकवली नाही, आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो. आमच्या वर्गात सेल्फ उघडून दाखवायचो, आर्मेचर, कार्बन, बेंडिक्स, आतले सगळे भाग व्हायचे. हा दोन वायरींचा स्विच मी अर्ध्या मिनिटात उरकायचो.

उडी एवढी जोरात का बसते, तेही सांगतो. सेल्फच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, नऊ-दहा दाते, आणि ते इंजिनाच्या ज्या मोठ्या चाकाला फिरवतं त्या फ्लायव्हीलच्या रिंगला शंभरच्या वर. म्हणजे तिथेच जोर दहा-बारा पट झाला. पहिला गिअर आणि चाकांकडे जोर नेणारं डिफरन्शियल मिळून आणखी चौदा-पंधरा पट. हातात उचलता येणारी ती मोटर एक टनाची गाडी आरामात ओढते. इंजिन मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी नुसतं फिरलं, तरी सेकंदाला सव्वा-दीड फूट गाडी पुढे जाते. पेटलं की आयडलवरच, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबताच, ताशी सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग. हँडब्रेक ढिला असेल तर पुढे उभ्या असलेल्या पोराला बाजूला व्हायला वेळ कुठे मिळणार? आणि आपण गाड्या लावतो कुठे? सोसायटीत भिंतीकडे तोंड करून, आणि त्या भिंतीपाशी मुलं खेळत असतात.

अमेरिकेत १९६८ पासून ऑटोमॅटिक गाडीला कायदाच आहे, दांडा पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये असताना सेल्फ फिरता कामा नये. गिअरच्या गाडीला ती सक्ती त्या नियमात नाही. तिथे ही काळजी कंपन्यांनी आपणहून घेतली आणि क्लचचा स्विच दिला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली आहेत. खरं तर स्विच बिघडला तर कसं ओळखायचं, हे सांगायचं मी कबूल केलं होतं. तेव्हा आता भराभर.

चावी फिरवली आणि काहीच झालं नाही, टकसुद्धा नाही, तर आधी हेडलाइट बघा. दिवे मंद असतील किंवा सेल्फ मारताना विझत असतील तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. टकटकटक असा आवाज आला तरी बहुधा बॅटरीच. पण दिवे लख्ख आणि सेल्फ मुका असेल, तर बॅटरी बदलायला धावू नका. पायाखाली बघा. मॅट सरकून पेडलमागे गेली आहे का? जाड मॅटवर मॅट टाकली की पेडल पूर्ण खाली जात नाही आणि स्विच दाबला जात नाही. मॅट ओढा, पुन्हा दाबा. मग मॅटवर प्लास्टिकचे किंवा रबराचे तुकडे पडलेत का बघा. बऱ्याच गाड्यांत पेडलला एक बोटाच्या पेराएवढा बुश असतो, तो स्विचची दांडी दाबतो. दहा-बारा वर्षांत तो कडक होऊन भुगा होतो. पेडल तिथेच, स्विच तिथेच, पण मधला बुश गेल्याने दांडी दाबलीच जात नाही. मी अशा गाड्या पाहिल्यात, ज्यांची बॅटरी बदलली, सेल्फ उतरवून त्याच्या तारा नव्याने भरल्या, आणि शेवटी सापडला तो हा बुश.

स्विच फक्त सेल्फला वीज सोडणाऱ्या रिलेची वाट अडवतो, चालू इंजिनाशी त्याचा संबंध नाही. म्हणून रस्त्यात अडकलात तर धक्का स्टार्ट चालतो. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, वेग आला की क्लच सोडा. घरी तपासायचं तर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने तात्पुरत्या जोडायच्या. सेल्फ फिरला तर दोष स्विचचा किंवा बुशचा. मग तो वायरीचा तुकडा काढून फेका आणि नवा स्विच किंवा बुश बसवा. टेप मारून निघून जाऊ नका, हात जोडून सांगतो.

दोन आक्षेप नेहमी येतात. जुने ड्रायव्हर म्हणतात, रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारून रुळावरून काढता यायची, या स्विचने ती सोय गेली. खरं आहे. डोंगराळ वाटांवर चालणाऱ्यांसाठी टोयोटाने काही गाड्यांत हा स्विच तात्पुरता रद्द करणारं बटणही दिलं होतं. पण फाटकात आधी माणसं उतरवायची, गाडी नंतर. दुसरा आक्षेप मेकॅनिकांचा: सुरू होताना क्लच दाबला की क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवर, भार येतो, आणि तेव्हा ऑइल अजून चढलेलं नसतं. हेही खरं, मी नाकारत नाही. इंजिन लागलं की पाय सावकाश उचला. दोन सेकंदांच्या त्या भारापेक्षा मला चटईवरचा तो लाल पट्टा जास्त आठवतो.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पहिल्याच दिवशी चार गोष्टी हाताला लावाव्यात: हँडब्रेक, दांडा हलवून न्यूट्रल, क्लच तळापर्यंत, मग चावी. आणि खिडकीतून हात घालून कधीच नाही.

दुसरी चिठ्ठी आली. बाहेर माझी गाडी उभी आहे, टॉर्च बरोबर आणलाय. ज्यांना आपल्या गाडीचा स्विच जागेवर आहे की डायरेक्ट, हे बघायचं असेल त्यांनी चावी घेऊन फाटकापाशी या. पाच मिनिटांत एक गाडी होते.