डिस्क दिसली का?

(पडद्यावर: सोलापूर. सकाळची नेत्र ओपीडी. बाकांवर दाटीवाटीने बसलेले रुग्ण. काळा पडदा ओढलेली तपासणीची खोली.)

डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप. मुठीत मावणारं यंत्र. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली ते जगापुढे आणलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा डॉक्टरांना बघता येऊ लागला. त्यातली एक अडचण मात्र आजही तशीच आहे. त्यातून एका वेळी एकालाच बघता येतं. विद्यार्थी डोळा लावून वाकलेला असतो, तेव्हा त्याला नेमकं काय दिसतंय हे शेजारी उभ्या मॅडमना कळायला काही मार्ग नाही.

डोळ्याची नस पडद्याला जिथे जोडलेली असते, तो फिकट गोल म्हणजे डिस्क. ती सापडली का हे कळावं म्हणून त्या विचारतात, "डिस्क दिसली का?"

मागे बॅचची रांग लागलेली. आजोबांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलेलं.

"हो मॅडम, दिसली."

एमबीबीएस झालेल्या कुणालाही खाजगीत विचारून बघा. हा होकार पुष्कळदा खोटा असतो. दिसलेला असतो नुसता लालसर उजेड, आणि एखादी रक्तवाहिनी, आली तशी निसटलेली. नेत्रशास्त्रातला मार्गदर्शक कसा ओळखायचा, याची या माहितीपटापुरती आमची कसोटी एवढीच आहे: त्याच्यासमोर "नाही दिसली" असं म्हणता येतं का?

ज्यांच्यासमोर म्हणता येतं, ते पुढे शिकवतात. रुग्णाच्या उजव्या डोळ्यासाठी आपला उजवा डोळा, डाव्यासाठी डावा. रुग्णाला लांब भिंतीकडे बघायला सांगायचं. समोरून नाही, जरा कानाच्या बाजूने जवळ जायचं. रक्तवाहिनी सापडली की तिला सोडायचं नाही. फांद्या जिथे एकत्र येतात त्या दिशेला सरकत राहायचं, डिस्क तिथेच असते. आणि मग कागद पुढे सरकवतात. "काढून दाखव." लाल पेन्सिलीने रोहिणी, निळीने नीला, मधला कप, म्हणजे डिस्कमधला खोलगट भाग, डिस्कच्या किती भागात आहे तो आकडा. चित्र काढायला लागलं की थाप चालत नाही.

(पडद्यावर: सिव्हिलसमोरचा रस्ता. रिक्षा, एसटीने आलेली कुटुंबं.)

सोलापूर आणि डॉक्टर म्हटलं की कॅमेरा घेऊन थेट भय्या चौकात, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी जायचा मोह होतो. तो आवरलाय. आपला विषय ओपीडीतला आहे.

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचं. इथल्या मुलांच्या तोंडी ते 'व्हीएम', आणि त्याला जोडलेलं रुग्णालय गावाच्या तोंडी 'सिव्हिल'. सोलापुरात कुठल्याही दवाखान्यात जा, अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याबरोबर हद्दीपलीकडच्या इंडी, विजयपूरकडचे रुग्णही भेटतील. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, हनुवटी टेकवून घेताना "आजी, खाली बघा" एवढ्याने भागत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या आईला तेलुगूत "किंद चूडंडी" म्हणावं लागतं, इंडीच्या काकांना कन्नडमध्ये "केळग नोड्री". हे प्राध्यापक शिकवत नाहीत. ते शिकवतात सिस्टर, चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट आणि दोन वर्षं पुढे असलेला रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर. मार्गदर्शक म्हणजे विभागप्रमुखच असं धरून बसलेली मुलं या माणसांना ओलांडून जातात आणि बरंच काही गमावतात.

या जिल्ह्याचं शेत ओपीडीत येतं. ज्वारी काढताना डोळ्यात कुसळ गेलं, ऊस तोडताना पात लागली. चार दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग. नवखा विद्यार्थी लगेच दिवा लावायला धावतो. अनुभवी डॉक्टर आधी बसवतात आणि विचारायला लावतात: काय लागलं? आणि त्यानंतर मेडिकलमधून कुठलं ड्रॉप आणून घातलं? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. झाडपाल्याच्या जखमेतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि त्यावर स्टिरॉइडचा थेंब पडला की लाली कमी झाल्यासारखी वाटते, बुरशी मात्र आत फोफावते. मग व्रणाच्या पिसासारख्या कडा, शेजारचे बारके ठिपके, बुबुळामागे साचलेला पू. जखम खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचे. विद्यार्थ्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की तो धडा पुन्हा पाठ करावा लागत नाही.

विडी वळणाऱ्या बायकांची तक्रार मात्र साधी. वय चाळिशीच्या पुढे, पानाची कड नीट दिसेना, डोकं दुखतं. जवळचा चष्मा दिला की झालं. विद्यार्थ्यांना यात रस नसतो. आमच्या मते असायला हवा.

(पडद्यावर: हातमोजे, ट्रेमधला बकऱ्याचा डोळा, त्यावर सूक्ष्मदर्शकाचा उजेड.)

शस्त्रक्रियेचा सराव सुरू होतो बकऱ्याच्या डोळ्यावर. खाटकाकडून सकाळीच आणावा लागतो. वेळ गेला की बुबुळ धुरकट होतं आणि आतलं दिसेनासं होतं. केसाहून बारीक टाका, आणि टाका घालणारा हात थरथरतो. सगळ्यांचाच थरथरतो. कोपर आणि मनगट कुठे टेकवायचं हे कुणी दाखवलं की थरथर बरीच कमी होते.

हातांइतकेच पाय लागतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एका पायाखाली सूक्ष्मदर्शकाचं पेडल, दुसऱ्याखाली फेको मशीनचं, म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राचं. फेकोचं पेडल थोडं दाबलं की पाणी सुरू, आणखी दाबलं की ओढ, तळाला नेलं की अल्ट्रासाउंड. पायाला ते नेमकं कळावं म्हणून कितीतरी सर्जन अनवाणीच बसतात.

आणखी एक गोष्ट लवकर तपासून घ्यायला हवी. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा अंदाज येतो का? सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाला तो लागतो. लहानपणापासून एक डोळा आळशी, म्हणजे कमी बघणारा, असलेल्या मुलाला हे पीजीची सीट घेतल्यावर कळण्यापेक्षा तिसऱ्या वर्षात कळलेलं बरं. सांगणाऱ्याला जड जातं, पण सांगावं.

(पडद्यावर: ऑपरेशन थिएटर. टेबलाजवळ दोन स्टुलं.)

आता थिएटर. मोतीबिंदूच्या बहुतेक शस्त्रक्रियांत भूल फक्त डोळ्यापुरती असते. रुग्ण जागा असतो आणि चादरीखालून सगळं ऐकत असतो. त्यामुळे इथलं शिकवणं वेगळं. "अरे, हे काय केलंस!" असं ओरडायची सोय नाही. शिकाऊ डॉक्टरच्या हातून भिंगाच्या आवरणाला पाडलेली चीर भलतीकडे पळायला लागली, तर सर शांत आवाजात म्हणतात, "थांब, जरा मी बघतो." दोघं स्टुलं बदलतात. "आजोबा, छान चाललंय, डोकं हलवू नका." खरी चर्चा नंतर, चहाच्या वेळी. ज्यांना तो शांत आवाज जमत नाही, त्यांनी शिकाऊंना टेबलावर बसवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिकवणं एकतर्फी नसतं, याचा दाखला मोतीबिंदूच्याच इतिहासात आहे. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले हॅरोल्ड रिडली. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लास्टिकचे, कण घुसलेले त्यांनी पाहिले होते. डोळा ते कण निमूट सहन करत होता. पुढे त्यांची शस्त्रक्रिया बघणाऱ्या एका विद्यार्थ्याने सहज विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवत का नाही? रिडलींनी त्याला गप्प केलं नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज गावोगावच्या शिबिरात जे भिंग बसतं, त्याची सुरुवात तिथली.

(पडद्यावर: वसतिगृहाची गच्ची. पुस्तकं, मोबाईल, इंटर्न मुलं.)

घरी प्रश्न वेगळाच असतो. "एवढं शिकून चष्म्याचा डॉक्टर होणार?" त्याला उत्तर देता येतं. अवघड प्रश्न त्यानंतरचे. नीट-पीजीच्या रँकवर मिळणाऱ्या कॉलेजात रेसिडेंटच्या हाती स्वतंत्र केसेस किती येतात? छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेपुढे जाऊन फेको शिकवतात का? एमएसची तीन वर्षं संपल्यावर फेलोशिप लागेल का? स्वतःचा दवाखाना टाकायचा तर सूक्ष्मदर्शक आणि फेको मशीनचं कर्ज किती वर्षं डोक्यावर? माहितीपत्रकात याची उत्तरं नसतात. ती नुकताच पास झालेला सीनियर देतो, तेही त्याला दहा मिनिटं निवांत मिळाली तर.

काही जण हे सगळं ऐकून, थिएटरमध्ये उभं राहून, शेवटी बालरोग निवडतात. त्यांच्यावर घालवलेला वेळ वाया गेला असं काही शिक्षक बोलून दाखवतात. आम्हाला तसं वाटत नाही. उद्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं, किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर पडद्याची पहिली तपासणी तिसाव्या दिवसापर्यंत व्हावी लागते. त्याहून नाजूक बाळांची आणखी आधी. रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटीवर, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारावर, उपचार करायला मुदत फार थोडी असते. डिस्चार्ज कार्डावर नेत्र तपासणीची तारीख लिहायची, आणि ती तारीख बाळाच्या आईला तिच्या भाषेत दोनदा सांगायची, हे काम त्या बालरोगतज्ज्ञाचं आहे.