पाईपच्या वेल्डमधली बारीक रेघ
राजेहो, हा बघा, पाईपच्या जॉइंटचा तुकडा, आडवा कापून पॉलिश मारून ॲसिड लावलंय म्हणून वेल्ड वेगळं दिसून राहिलं. मधात हे गोल छिद्र, ब्लो होल, म्हणजे गॅसचा बुडबुडा अडकून राहिलेला. आणि इकडे काठाला केसाएवढी काळी रेघ, दिसली का? थांबा, कॅमेरा जवळ घेतो.

आता ज्याला दाखवलं तो छिद्राकडेच बोट करतो. पण मला भीती या रेघेची वाटते. इथे वेल्डिंग रॉडचं वितळलेलं मेटल पाईपला चिकटलंच नाही, लॅक ऑफ फ्युजन म्हणतात ते हेच. गोल छिद्राच्या काठावर ताण साधारण दुप्पट होतो, रेघेचं टोक मात्र धारदार, सगळा ताण तिथेच गोळा होतो. नागपूरच्या इतवारीतला कापडवाला बघा, कात्रीने एवढीशी चीर देतो आणि मग टर्रकन फाडतो, तसंच. ग्रिफिथ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९२१ मध्ये काचेवर हेच मांडलं, आणि हिशोब असा की चीर चौपट खोल झाली की टोकावरचा जोर दुप्पट होतो.

त्यात ही रेघ आहे नेमकी वेल्डच्या शेजारच्या पट्ट्याला, हीट अफेक्टेड झोनला लागून, तिथलं स्टील उष्णतेने बदललेलं असतं, कित्येकदा कडक आणि ठिसूळ, म्हणजे चीर अडवायची ताकदच कमी. आणि आपली विदर्भातली काळी माती तर तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पुरलेला पाईप वाकवते, तो सगळा ओढा गोल जॉइंटवर येतो. आत प्रेशर नॉर्मल असलं तरी!

एक्सरे काढला ना मग, असं म्हणाल. अहो, रेघ किरणांना तिरपी असली तर फिल्मवर बहुतेक वेळा येतच नाही, छिद्र मात्र ठळक येतं. म्हणून अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनीलहरींची तपासणी, पाहिजेच.

आणि जुलैत उघड्यावर ठेवलेला ७०१८, म्हणजे कमी हायड्रोजनवाला, वेल्डिंग रॉड कृपा करून वापरू नका भाऊ. कोटिंगमधल्या ओलीतून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि तडा लगेच नाही, कधी एक-दोन दिवसांनी जातो, म्हणजे आज तपासलेला जॉइंट चांगला आणि परवा तोच तडकलेला. तुमच्या गल्लीत, तुमच्या प्लांटमध्ये पाईपलाईन टाकून राहिले असतील तर जाऊन विचारा, रॉड कोरडा ठेवायच्या ओव्हनमधून काढून किती वेळ झाला, आणि टेस्टिंग वेल्डिंगनंतर किती तासांनी करून राहिले.