सुभेदार रामजी

मित्रहो, २ फेब्रुवारी हा रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. त्यांना आपण बहुधा एका वाक्यात उरकतो: बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार, १४ अपत्यं, त्यांतले धाकटे भीमराव. आज जरा त्या माणसापाशी थांबू.

मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी पलटणीत, सासरे मुरबाडकरही पलटणीतले. पण रामजींची नोकरी रणांगणापेक्षा वर्गातच जास्त झाली. ब्रिटिशांच्या त्या फौजेत शिपायांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या शिक्षणाची सक्ती होती. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकले आणि पुढे लष्करी शाळेत १४ वर्षं हेडमास्तर राहिले. गावानं ज्यांच्या हाती पाटी येऊ दिली नसती, त्यांना छावणीनं ती दिली. भीमराव जन्मले तेही महूच्या छावणीत, १८९१ साली. आणि लगेच पुढच्या वर्षी सरकारनं महारांची भरतीच बंद केली! चरित्रकार सांगतात की या हुकमाविरुद्धचा अर्ज रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं तयार करून घेतला. उपयोग झाला नाही.

पेन्शनीत निघाल्यावर दापोली, मग सातारा. साताऱ्यात पत्नी भीमाबाई गेल्या. पुढे मुंबईत परळची डबक चाळ. एकच खोली, तिच्यातच चूल, भांडीकुंडी, सरपण, जातं, शेळीसुद्धा. सगळ्यांना एकदम पाय पसरायला जागा नाही. मग या जुन्या हेडमास्तरांनी पहारे लावावेत तशी वाटणी केली. संध्याकाळी भिवानं झोपायचं, वडिलांनी जागायचं. रात्री दोनला त्याला उठवायचं आणि मग स्वतः आडवं व्हायचं. मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचत बसायचा. तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं वडिलांनी त्याच्याकडून तोंडपाठ करून घेतली होती.

पुस्तकांना पैसे लागत. ते नसले की रामजी धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई, तो मारवाड्याकडे गहाण पडे, आणि पेन्शन आली की सुटून परत तिच्याकडे जाई. भीमरावांच्या शिक्षणाचा हिशोब मांडताना या दोन बहिणींना, मंजुळा आणि तुळसा यांना, आपण विसरतो. ते बरं नाही.

त्यांना संत करून ठेवायचीही गरज नाही. घरात त्यांचा वचक होता. कबीरपंथी घर, रोज संध्याकाळी मुलांनी रामायण-महाभारत मोठ्यानं वाचायचं. या ग्रंथांत शूद्रांची निंदा आहे, मग आम्ही ते का वाचायचे, असं भीमानं विचारलं. वडील आधी डाफरले: मुलांनी सांगितलेलं करावं, भलते प्रश्न विचारू नयेत. पण पुढे त्यांनी उत्तर दिलंच. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड बसेल, म्हणून हे वाचायचं. द्रोण, कर्ण, वाल्मीकी कुठून कुठे पोहोचले ते बघा. हे संभाषण बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही, हेही लिहिलंय. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. इंग्रजी चौथी पास झाल्यावर सत्कार ठरला तेव्हाही रामजी नको म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून! शेवटी शिक्षक आणि लेखक दादा केळुसकरांना मध्ये पडावं लागलं.

जानेवारी १९१३ मध्ये मुलगा बडोद्याला नोकरीवर रुजू झाला आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरतेला तो वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तो पोहोचला. रामजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळात प्राण सोडले. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

आता त्या फेटाळलेल्या अर्जाचं पुढे काय झालं ते सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा भरती उघडली, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडलीही. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. तिथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे.