दीड विटेची भिंत आणि तीस वर्षांचा पट्टा

(दृश्य: मे महिन्याची दुपार. बैठ्या घराच्या खिडकीत कूलर. त्याच्याखालची माती ओली, बाकी अंगण भेगाळलेलं.)

नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आहे. धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगरच्या आतल्या रस्त्यांवर फ्लॅट स्कीमच्या मधे अडकल्यासारखी ही बैठी घरं अजून दिसतात. अशी पुष्कळ घरं सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या ले-आउटमधली. संस्थेनं जमीन घेतली, भूखंड पाडले, आणि सभासदांनी आपापल्या ऐपतीनं घरं बांधली.

यांची भिंत दीड विटेची असते, साडेतेरा इंचांची. दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत दिवस कलतो. मात्र तीच भिंत रात्री धग सोडत बसते, म्हणून पूर्वी गच्चीवर अंथरुणं पडायची. शेजारी चार मजले चढले की गच्चीचा वाराही जातो आणि आडोसाही.

असं जुनं घर विकत घ्यायचं असेल तर काय काय तपासायचं ते बघू. आधी या कूलरखालची भिंत बघा.

(दृश्य: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी खाली गेलेली भेग. जवळून.)

ही भेग खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होते आणि तिरपी उतरते. पश्चिम नागपुरात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सगळा पाया सारखा वर-खाली झाला तर फारसं बिघडत नाही. इथे कूलरचं पाणी चार महिने एकाच कोपऱ्यात मुरतंय, म्हणून तो कोपरा फुगलेला आणि बाकीचे सुकून खाली बसलेले. भिंत तिथेच फाटते. मिस्त्री येतो, सिमेंट भरतो, रंग लावतो, आणि पुढच्या मे महिन्यात भेग पुन्हा हजर.

भेग जिवंत आहे की जुनी, हे ओळखायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर पाया अजून हलतोय. मग आधी कूलरचं पाणी पाईपनं दूर न्यायचं, घराभोवती तीन फूट रुंद फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करायची, आणि त्यानंतरच भेगेला हात लावायचा.

दुसरी गोष्ट फाटकापाशी.

(दृश्य: पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्री पातळी मोजतो आहे.)

नळीचं एक टोक रस्त्यावर, दुसरं ओट्यापाशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, त्यामुळे फरक नजरेनं मोजता येतो. घर बांधलं तेव्हा रस्ता जोत्याच्या दीड-दोन फूट खाली असायचा. डांबराचे थर चढले, वर सिमेंट रस्ता आला. आता काही घरांचं अंगण रस्त्याच्या वीतभर खाली गेलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा अशा खालच्या घरांची काय गत झाली ते शहरानं पाहिलंय. त्यामुळे घर बघायला जाताना पंचवीस फूट पारदर्शक नळी सोबत असू द्या. दलालाला विचित्र वाटेल, वाटू द्या.

अंगण खाली असेल तर फाटकाशी उंचवटा, आत पाणी साठायला खड्डा आणि पंप, आणि मलवाहिनीच्या चेंबरआधी पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एवढं लागतंच. व्हॉल्व्ह विसरलात तर पाणी फाटकातून न येता न्हाणीतून येतं. आतली फरशी उंच करणं सोपं वाटतं, पण दारं कापावी लागतात आणि छताची उंची कमी झाली की ज्या गारव्यासाठी घर घेतलं तोच थोडा जातो.

(दृश्य: स्लॅबचा पोपडा, उघडी पडलेली गंजकी सळई.)

स्लॅबचं दुखणं ओळखीचं आहे. जुन्या स्लॅबमधे सळईवरचं काँक्रीट पातळ. हवा आणि ओल आत पोचली की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो. पडलेल्या जागी नुसती छपाई (प्लास्टर) केली तर ती दोन पावसाळ्यांत खाली येते, कारण आतला गंज तसाच राहतो. आधी टेकू लावायचे. हातोडीनं ठोकत जायचं, पोकळ वाजेल तिथे खडूची खूण. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई तारेच्या ब्रशनं लख्ख करायची, जी फार झिजली तिच्या जोडीला नवी बांधायची. मग गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला धरून ठेवणाऱ्या बाँडिंगचा हात आणि पॉलिमर मॉर्टरचे पातळ थर. आणि यातलं काहीही करण्याआधी वरची गच्ची बघायची. गळती तिथून येत असते. १०० फुटांना किमान एक फूट ढाळ नसेल तर पाणी साचणारच.

वायरिंगबद्दल थोडक्यात: लाकडी पट्टीवरच्या जुन्या ॲल्युमिनियम तारा आणि चिनी मातीचे फ्यूज दिसले तर अख्खी वायरिंग बदलण्याचा खर्च धरूनच भाव बोला. दीड टनाच्या एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग हवी.

मागच्या गल्लीत जी मलवाहिनी आहे ती एका भूखंडावर एक कुटुंब, या हिशेबानं टाकलेली असते. शेजारच्या तीन भूखंडांवर आठ-आठ फ्लॅट झाले की चोवीस घरांचं पाणी त्याच पाईपमधे. त्यात उंबराची मुळं सांध्यातून शिरतात. सावली देणारं झाड आणि चेंबर तुंबवणारं झाड बरेचदा एकच असतं. झाड तोडायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, म्हणून मुळांच्या पट्ट्यापुरता पाईप बदलणं जास्त बरं.

(दृश्य: टेबलावर पिवळे पडलेले कागद.)

इथवर भिंतीचं झालं. पाहायला सुरुवात मात्र कागदांपासून करावी, कारण भिंत दोन महिन्यांत दुरुस्त होते.

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि धारकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा. सभासदाचं, संस्थेचं, सुधार प्रन्यासाचं (शहराच्या विकासासाठीची सरकारी संस्था) की नझूल म्हणून शासनाचं? नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं आला. त्याचे भूखंड साधारण ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले जातात. म्हणजे १९६२ चा पट्टा १९९२ मधे एकदा आणि २०२२ मधे पुन्हा नूतनीकरणाला आलेला असणार. ते झालेलं नसेल तर बँक कर्जाची फाईल बाजूला ठेवते. नूतनीकरणाचा खर्च विकणाऱ्यानं करायचा, हे इसारपत्रातच लिहून घ्या.

संस्था कोणत्या प्रकारची आहे हेही महत्त्वाचं. भाडेकरू मालकी संस्थेत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं. भाडेकरू सहभागीदारी संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची, सभासदाला भाग आणि राहण्याचा हक्क. पहिल्या प्रकारात स्लॅब पडला तर खिसा तुमचा. दुसऱ्यात तो सगळ्यांचा प्रश्न, पण खिळा ठोकायच्या पलीकडचं काही करायचं तर समितीची परवानगी. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांची नमुना नियमावली) दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. शेवटचा अहवाल मागा.

पैशाचं गणित इथे मजेशीर होतं. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. पण खर्च कधीचा? समजा एका गाळ्याला तेव्हा ३०,००० रुपये लागले. मग सिंकिंग फंड वर्षाला ७५ रुपये आणि दुरुस्ती निधी २२५. महिन्याची वर्गणी कमी आहे म्हणून खूश होऊ नका. निधीत किती शिल्लक आहे ते ताळेबंदात बघा. सर्वसाधारण सभेनं दर वाढवले नसतील तर पहिल्या मोठ्या गळतीला एकदम वर्गणी निघते.

हस्तांतरणाच्या वेळी ५०० रुपये शुल्क आणि महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये अधिमूल्य (प्रीमियम). त्यावर ‘देणगी’ म्हणून काही मागितलं तर द्यायचं कारण नाही. आणि शेजारी चांगले आहेत म्हणून पावती न घेता पैसे देऊ नका, शेजारी खरोखर चांगले असले तरी.

(दृश्य: सभासद नोंदवही. जुनी नावं, शाई फिकट.)

सचिवांकडून ही वही मागून घ्या. भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आजोबांच्या नावावर, घरात दोन भावांचे संसार, तिसरा पुण्याला, बहीण रायपूरला, असं चित्र पानोपानी मिळेल. नामनिर्देशन असलं म्हणून नॉमिनी मालक होत नाही. सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो वारस ठरेपर्यंत तात्पुरता सदस्य. त्यामुळे एका भावाकडून घर घेत असाल तर सगळ्या वारसांची हक्कसोडपत्रं नोंदणीकृत हवीत.

पुनर्विकासाचा विषय निघाला की हीच वही आडवी येते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानं एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के संमतीची अट घातली. ४० सभासदांच्या संस्थेत २१ सह्या. पण ४० नावांपैकी १२ जण हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, तर ते ५१ टक्के ४० चे धरायचे की २८ चे, इथूनच भांडण सुरू होतं आणि फाईल सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. तुम्हाला पुनर्विकास हवा असेल तर अशी नावं मोजा. नको असेल, तरीही मोजा.